तंजावरच्या लेखाची छायाचित्र-प्रत : कॅप्टन ट्राइप याच्या चित्रांच्या प्रदर्शनाचें परीक्षण

ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासी फौजेंतील अधिकारी कॅप्टन लिनीअस ट्राइप यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हिंदुस्थानांत व ब्रह्मदेशांत घेतलेल्या छायाचित्रांचें एक प्रदर्शन इ. स. २०१४ च्या सप्टेंबर महिन्यांत वॉशिंग्टन येथील नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट या कलासंग्रहालयांत उघडलें. पुढील वर्षीं तेंच प्रदर्शन प्रथम न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियममध्यें व नंतर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियममध्यें मांडलें गेलें. त्यांत सुमारें ६० छायाचित्रें होतीं. प्रदर्शनाबरोबरच श्री. रॉजर टेलर व श्री. क्रिस्पिन ब्रॅनफूट या विद्वानांचा त्याच विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. या गोष्टीस आतां दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. चित्रें भिंतीवरून उतरून आपापल्या संग्रहांत परत गेलीं. परंतु त्यांनीं उपस्थित केलेला प्रश्न शिळा झालेला नाहीं, आणि तो चित्रकलेच्या रसिकांपेक्षां पोथ्या, बखरी व ताम्रपट जमविणाऱ्या आमच्या वाचकांचा अधिक आहे. म्हणून येथें त्याचें परीक्षण करण्याचें योजिलें आहे.

प्रश्न असा: जुनें छायाचित्र हें चित्र म्हणून पाहावें, कीं प्रत म्हणून वाचावें? कलासंग्रहालयानें स्वभावतःच पहिला पक्ष घेतला. आमचा पक्ष दुसरा आहे, व तो कां, हें ट्राइपच्याच कामावरून दाखवितां येईल असें आम्हांस वाटतें.

प्रथम ट्राइपची थोडी माहिती दिली पाहिजे. त्याचा जन्म इ. स. १८२२ मध्यें इंग्लंडांत डेव्हनपोर्ट येथें झाला. रजेवर स्वदेशीं असतां त्यानें छायाचित्रणाची विद्या हस्तगत केली. परत आल्यावर इ. स. १८५४ च्या अखेरीस त्यानें म्हैसूर प्रांतांतील हळेबीड व बेलूर येथील होयसळ देवालयांचीं चित्रें घेतलीं, व तीं इ. स. १८५५ च्या फेब्रुवारींत मद्रास येथें भरलेल्या प्रदर्शनांत ठेवलीं. परीक्षकांनीं त्यांचा गौरव केला. त्याच वर्षीं आर्थर फेअर याच्या नेतृत्वाखालीं ब्रह्मदेशाच्या राजाकडे जी वकिलात गेली तींत ट्राइपची नेमणूक छायाचित्रकार म्हणून झाली. त्या सफरींत त्यानें दोनशेंहून अधिक निगेटिव्ह तयार केलीं. त्यांतून १२० चित्रें निवडून त्यांचे ५० संच करण्यांत आले. म्हणजे सहा हजार ठसे हातानें, एकेक करून, सूर्यप्रकाशांत उमटवावे लागले. इ. स. १८५६ मध्यें मद्रास सरकारनें त्यास इलाख्याचा छायाचित्रकार नेमलें. इ. स. १८५७ च्या डिसेंबरांत तो दक्षिणेच्या फेरीस निघाला. श्रीरंगम्, त्रिचनापल्ली, मदुरा, पुदुकोट्टै, तंजावर इत्यादि स्थळें त्यानें पुढील कांहीं महिन्यांत घेतलीं, व तीं स्थळवार संग्रहांच्या रूपानें प्रसिद्ध झालीं. परंतु सर चार्ल्स ट्रेव्हेलियन हा गव्हर्नर होऊन आला तेव्हां त्यास हें खातें म्हणजे खजिन्यास न परवडणारी चैन वाटली, आणि इ. स. १८६० मध्यें तें बंद झालें. ट्राइपनेंहि त्यानंतर हें काम जवळजवळ सोडून दिलें.

अशा मनुष्याचें काम एके ठिकाणीं आणून जगापुढें मांडणें हें उपकाराचें कृत्य आहे, हें आम्ही आरंभींच मान्य करतों. ट्राइपचें नांव छायाचित्रणाच्या इतिहासाचे अभ्यासक सोडल्यास फारसें कोणास ठाऊक नव्हतें. त्याचे संच ग्रंथालयांच्या कपाटांत होते व त्यांचीं पृष्ठें क्वचितच उलटलीं जात. टेलर यांचा कागदी निगेटिव्हचा व्यासंग आणि ब्रॅनफूट यांचा द्राविड देवालयांचा अभ्यास हीं दोन्ही एकत्र आल्यामुळें ग्रंथास बळकटी आली आहे. देवालय म्हणजे काय हें जाणणारा एक व छायाचित्र म्हणजे काय हें जाणणारा दुसरा, अशी जोडी दुर्मिळच.

आतां मुख्य वस्तूकडे वळूं. त्या प्रदर्शनांत एक लांबच लांब पट्टी होती. लांबी सुमारें १९ फूट. २१ ठसे एकास एक जोडून ती केलेली आहे. तंजावरच्या बृहदीश्वर देवालयाच्या विमानाच्या जोत्याभोंवतीं जे लेख कोरलेले आहेत त्यांची ही छायाचित्रित प्रत होय. ट्राइपनें ती इ. स. १८५८ मध्यें घेतली. हें काम किती जिकिरीचें आहे याचा वाचकांनीं विचार करावा. तिपाईवरचा अवजड कॅमेरा भिंतीशीं समांतर ठेवून, अंतर न बदलतां, हात दोन हात पुढें सरकवीत न्यावयाचा. प्रत्येक वेळीं मागील अक्षरें पुढील पत्रांत थोडीं यावयास पाहिजेत. ऊन चढत जातें तशी सावली फिरते, तेव्हां पहिल्या व शेवटच्या पत्रांतील उजेड फार भिन्न दिसूं नये म्हणूनहि जपावयाचें. भिंतीवर ही पट्टी पाहणारा रसिक तिच्या लांबीनें व लयीनें मोहून जातो यांत नवल नाहीं. आम्हांस मात्र ती पाहतांच कागदास कागद चिकटवून केलेल्या आपल्याकडील जुन्या गुंडाळीची आठवण झाली.

या लेखांत आहे काय? राजराज चोळानें हें देवालय बांधलें. त्याच्या विमानावर कलश चढला तो काळ सुमारें इ. स. १०१० चा. जोत्यावरील लेख तमिळ भाषेंत असून संस्कृत शब्दांसाठीं ग्रंथ लिपीचीं अक्षरें वापरलेलीं आहेत. राज्याच्या २६ व्या वर्षीं, विसाव्या दिवशीं, राजानें आज्ञा केली कीं आपण, आपल्या वडील बहिणीनें, राण्यांनीं व इतर दात्यांनीं देवास जें जें दिलें तें विमानाच्या दगडावर कोरावें. असा आरंभींचा मजकूर आहे. २५ व्या वर्षाच्या २७५ व्या दिवशीं राजानें विमानाच्या शिखरावर बसविण्यासाठीं तांब्याचा कलश दिला, अशीहि नोंद आहे. म्हणजे हें देवस्थानचें दफ्तर आहे. दगडावर लिहिलें म्हणून तें वाळवीपासून वाचलें एवढेंच. या लेखांचें व्यवस्थित वाचन व भाषांतर डॉ. हुल्ट्श यांनीं ‘साउथ इंडियन इन्स्क्रिप्शन्स’ या मालेच्या दुसऱ्या खंडांत इ. स. १८९१ पासून छापण्यास आरंभ केला.

ट्राइपची प्रत १८५८ ची, वाचन १८९१ चें. मध्यें तेहतीस वर्षें गेलीं. तोंपर्यंत ती प्रत मुकीच होती. आपल्याकडील पोथ्यांचे लेखक पुष्कळ वेळां असेच असत. विषय समजत नसतां, पुढील पोथीवर दृष्टि ठेवून ते अक्षरामागून अक्षर उतरीत, आणि अखेरीस, जसें पाहिलें तसें लिहिलें, चूक असल्यास दोष आमचा नव्हे, अशा आशयाचा श्लोक लिहून मोकळे होत. पाठचिकित्सा करणारांस ठाऊक आहे कीं असा अर्थ न जाणणारा लेखक पुष्कळदां पंडितापेक्षां अधिक विश्वासू ठरतो. कारण पंडित सुधारतो, हा सुधारीत नाहीं. या दृष्टीनें कॅमेरा हा उत्तम लेखक असावयास पाहिजे. पण तो खरोखर तसा आहे काय?

येथें न्यायशास्त्रांतील भेद उपयोगी पडतो. छायाचित्र पुढें ठेवलें कीं लोक म्हणतात, हें प्रत्यक्ष आहे, यास पुरावा कशास पाहिजे? आम्हांस हें मान्य नाहीं. ज्यानें चित्र घेतलें त्यानें कोठें उभें राहावयाचें, काय आंत घ्यावयाचें, काय बाहेर ठेवावयाचें, कोणत्या प्रहरीं घ्यावयाचें, हें सर्व ठरविलेलें असतें. तो आपणांस सांगतो आणि आपण मानतों. म्हणून छायाचित्र हें आप्तवाक्याच्या जातीचें प्रमाण आहे. सांगणारा आप्त आहे कीं नाहीं याची परीक्षा केल्यावांचून तें स्वीकारतां येत नाहीं.

ट्राइपचीच साक्ष घ्या. त्या काळच्या कागदी निगेटिव्हवर आकाश स्वच्छ उमटत नसे. झाडांची पानेंहि वाऱ्यानें हलून काळा गोळा होत. ट्राइप निगेटिव्हवर रंग भरून ढग काढी व पानांस उठाव देई. कलासंग्रहालयाच्या दृष्टीनें हें त्याच्या कलावंतपणाचें लक्षण आहे, व तेंहि खोटें नाहीं. परंतु आमच्या शास्त्रांत याचें नांव प्रक्षेप. इ. स. १८५५ च्या पावसाळ्यांत व पावसाळ्यानंतर ब्रह्मदेशांत एखाद्या दिवशीं आकाश कसें होतें हें ट्राइपच्या ढगांवरून कोणी ठरवूं लागेल तर तो फसेल. ढगाच्या बाबतींत फसल्यानें मोठीशी हानि नाहीं. पण शिलालेखाच्या चित्रांत एका अक्षराच्या वेलांटीवर कोणाचा ब्रश फिरला तर पाठ बदलेल. तेव्हां कोणत्या चित्रावर हात फिरला आहे, कोणत्या भागावर, आणि तो घेणाऱ्याचाच कीं नंतरच्या विक्रेत्याचा, हें चित्राखालील टिपेंत लिहिणें हा कलेचा अपमान नसून वाचकाचा हक्क आहे.

छायाचित्र व ठसा यांचीहि तुलना करावयास पाहिजे, कारण आमच्यांतील कित्येक अजून ठशावरच सर्व भिस्त ठेवतात. ओला कागद अक्षरांत कुंच्यानें ठोकून बसवावयाचा व वरून शाई फिरवावयाची, ही रीत लेखाच्या वाचनासाठीं आजहि उत्तम आहे. अक्षर उथळ असलें तरी तें बोटास लागावें तसें ठशांत लागतें; छायाचित्रांत तेंच अक्षर समोरून ऊन आल्यास पार नाहींसें होतें, तिरपें ऊन असेल तरच उठून दिसतें. उलट ठशास आजूबाजूचें कांहीं कळत नाहीं. लेख कोणत्या थराच्या दगडावर आहे, सांधा कोठें येतो, फूट कोरण्यापूर्वींची कीं नंतरची, वरील भागाची डागडुजी झाली आहे काय, हें छायाचित्र सांगतें. ठसा अक्षर देतो, छायाचित्र स्थळ देतें. संशोधकास दोन्ही पाहिजेत.

आतां प्रदर्शनाविषयींचा आमचा मुख्य आक्षेप. ब्रह्मदेशाचीं १२० चित्रें ट्राइपनें अनुक्रमांक देऊन, प्रत्येकास नांव देऊन सिद्ध केलीं होतीं. दक्षिणेचे संग्रहहि स्थळवार बांधलेले. ही रचना त्याची स्वतःची आहे. एका चित्रांत देवालयाचें दर्शन दुरून, पुढील चित्रांत तेंच जवळून, त्यापुढें एखादा खांब वा कोपरा, अशा क्रमानें पाहणारा त्या स्थळाची प्रदक्षिणा करतो. यांतून ६० चित्रें सौंदर्याच्या कसोटीनें निवडून, चौकटींत बसवून, हातभर अंतर ठेवून टांगलीं कीं काय होतें? महाभारताचीं सुभाषितें निवडून छापल्यासारखें होतें. सुभाषितें खरीं, महाभारतांतलींच. पण कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगीं म्हटलें तें नाहींसें झालें. साधें, धूसर, कोणास न आवडणारें एखादें चित्र हेंच कदाचित् दोन सुंदर चित्रांमधील दुवा असतें. इतिहासास दुवा पाहिजे.

यावर असें उत्तर येईल कीं कलासंग्रहालयाचें काम रसिकास वेड लावण्याचें आहे, संशोधकाची सोय पाहण्याचें नव्हे. सर्व संच मांडावयास भिंती कोठून आणाव्या? हें उत्तर निरुत्तर करणारें नाहीं. भिंत अपुरी पडते तेथें मेज असतें. एक संपूर्ण संच अनुक्रमानें, पृष्ठें उलटून पाहतां येईल अशा नकलेच्या रूपांत, चौकटीजवळ ठेवतां येतो. त्या १९ फुटी पट्टीखालीं हुल्ट्श यांचें वाचन ओळीस ओळ लावून छापतां येतें. मग पाहणाऱ्यास कळेल कीं ज्या काळ्यापांढऱ्या लयीवर आपण मोहित झालों ती एका राजाची, त्याच्या बहिणीची व राण्यांची दानपत्रिका आहे. सौंदर्य त्यामुळें कमी होत नाहीं. दानपत्रिका म्हणून वाचलेली पट्टी अधिकच सुंदर दिसते, असा आमचा तरी अनुभव आहे.

मराठी वाचकास येथें आणखी एक गोष्ट खटकल्याशिवाय राहणार नाहीं. ही पट्टी विमानाच्या जोत्याची. त्याच देवालयाच्या आवारांत, नैर्ऋत्येकडील ओवरीच्या भिंतीवर, दुसरा एक प्रचंड लेख आहे. तो मराठींत आहे. सरफोजी महाराजांनीं (दुसरे, कारकीर्द इ. स. १७९८ ते १८३२) इ. स. १८०३ मध्यें, म्हणजे शके १७२५ त, भोसले वंशाचें चरित्र बाबूराय याजकडून लिहवून तेथें कोरविलें. राजराजाच्या लेखानंतर आठशें वर्षांनीं, त्याच देवाच्या दारीं, दुसऱ्या भाषेच्या राजानें आपलें दफ्तर दगडावर उतरविलें. इतका अर्थपूर्ण शेजार हिंदुस्थानांत फार ठिकाणीं सांपडणार नाहीं. आणि ट्राइप तेथें पोंचला केव्हां? शेवटचे राजे शिवाजी महाराज इ. स. १८५५ त पुत्रसंतानावांचून वारले, व कंपनीनें तें राज्य संपलें असें ठरविलें. तीन वर्षेंहि झालीं नव्हतीं तोंच कंपनीचा छायाचित्रकार तिपाई घेऊन त्या आवारांत उभा राहिला. ज्या पट्टीनें जगास तंजावरचा लेख दाखविला तिच्यांत चोळांचें अक्षर आहे, भोसल्यांचें नाहीं. हा ट्राइपचा अपराध आम्ही मानीत नाहीं. पुराणवस्तु शोधणारास अकराव्या शतकाची ओढ असणें साहजिक आहे. पण चौकट म्हणजे निवड, आणि निवड म्हणजे कांहींतरी बाहेर ठेवणें, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस दुसरें सुचत नाहीं. तंजावरचें प्रदर्शन पुढें कोणी भरवील तर दोन्ही लेख समोरासमोर मांडावे, अशी आमची सूचना आहे.

इतके आक्षेप घेऊनहि ट्राइपच्या प्रतीचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. मदुरेच्या तिरुमल नायकाचा वाडा त्यानें भग्नावस्थेंत टिपला, पुढें लॉर्ड नेपिअर गव्हर्नर असतां (इ. स. १८६६ ते १८७२) त्या वाड्याच्या दुरुस्तीचें काम सुरू झालें. म्हणजे दुरुस्तीपूर्वींचा पाठ ट्राइपकडे आहे. अमरावतीच्या स्तूपाचे वॉल्टर एलिअट यानें खणून काढलेले शिल्पपाषाण त्यानें मद्रास येथें असतांना चित्रित केले, इ. स. १८५९ मध्यें ते लंडनास रवाना झाले, व आज ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. समुद्र ओलांडण्यापूर्वीं कोणता पाषाण किती शाबूत होता हें पाहावयाचें तर ट्राइपचा संग्रह उघडावा. ब्रह्मी राजधानी अमरपूर इ. स. १८५७ नंतर उठून मंडालेस गेली, आणि तेथील पुष्कळ इमारती मोडून लांकूड पुढें नेण्यांत आलें. १८५५ चीं चित्रें त्या नगराची जिवंतपणींची साक्ष आहेत. मूळ पोथी जळाल्यावर जी प्रत उरते तिचें महत्त्व आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

शेवटीं आपल्या घराकडे पाहूं. मुंबई सरकारनेंहि इ. स. १८५५ मध्यें कॅप्टन बिग्ज यास विजापूर व कानडी मुलुखांतील इमारतींचीं छायाचित्रें घेण्याच्या कामीं नेमलें, पुढें डॉ. पिगू यानें तें चालविलें. व त्या चित्रांचे मोठे ग्रंथ इ. स. १८६६ मध्यें निघाले. तेव्हांपासून गेल्या दीडशें वर्षांत वाडे, गढ्या, समाध्या, घाट यांचीं किती चित्रें घेतलीं गेलीं असतील त्याची गणती नाहीं. त्यांतील पुष्कळ आमच्याच वाचकांच्या पेट्यांत आहेत, व बहुतेकांच्या पाठीवर एक अक्षरहि नाहीं. पोथीची पुष्पिका गेली तर आपण हळहळतों. छायाचित्राची पुष्पिका आपण लिहीतच नाहीं. स्थळ, तिथि, दिशा, घेणाराचें नांव, आणि शक्य तर माप, एवढ्या पांच गोष्टी शिसपेनीनें पाठीवर हलक्या हातानें लिहिण्यास फार वेळ लागत नाहीं. मोडी कागदाचें चित्र घेतांना पाठीमागची बाजूहि घ्यावी. कित्येकदां शिक्का व पोंचल्याची तारीख तेथेंच असते. कागदाशेजारीं मोजपट्टी ठेवावी. अक्षर फिकें असेल तर तें शाईनें उजळून मग चित्र घेण्याचा मोह कटाक्षानें टाळावा. आणि जुना बांधीव संग्रह हातीं आला तर एकेक पान सुटें करून विकणाऱ्याच्या हातीं तो कधींहि देऊं नये. पोथीचीं पानें फाडून वांटणारास आपण काय म्हणतों? छायाचित्रांचा संग्रह फोडणारास तोच शब्द लागू आहे.

वॉशिंग्टनच्या प्रदर्शनानें ट्राइपला कलावंतांच्या पंक्तींत बसविलें, हें योग्यच झालें. त्यास लेखकांच्या, म्हणजे प्रती उतरणारांच्या पंक्तींतहि एक पाट मांडावा, इतकेंच आमचें म्हणणें. त्या पंक्तींत बसणाराची परीक्षा कडक होते. ओळ गाळली कां, पदरचें घातलें काय, मूळ कोणतें, हें सर्व विचारलें जातें. पण तेथें मिळालेला मान रुचि बदलली म्हणून जात नाहीं. राजराजाचे लेख वाचून झाले आहेत. ट्राइपचीं चित्रें तशा रीतीनें वाचण्याचें काम पुष्कळसें अजून व्हावयाचें आहे, आणि तें करण्यास पोथ्या जुळविण्याची संवय असलेल्या आमच्या वाचकांहून अधिक लायक माणसें कोणतीं असणार?